लग्न लावणाराची जबाबदारी

हिंगोलीस लग्नसराई आली कीं, लग्न लावण्याचा अधिकार कोणाचा हा जुना वाद निघतो. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनीं भटजीवांचून सत्यशोधक पद्धतीनें लग्न लाविलें. जोशीबुवांनीं दक्षिणेसाठीं फिर्याद केली, आणि १८९० सालीं मुंबई हायकोर्टानें पाटलांच्या बाजूनें निकाल दिला. १९५५ चा हिंदु विवाह कायदाही पुरोहिताची अट घालीत नाहीं. रूढ विधि झाले म्हणजे पुरे. परवाना कोणासच नको!

परंतु वयाची अट सुटत नाहीं. मुलगी १८ व मुलगा २१ वर्षांचा नसतां जो लग्न लावील, त्यास २००६ च्या कायद्यानें दोन वर्षेंपर्यंत सक्तमजुरी व लाख रुपयांपर्यंत दंड आहे. 'आम्ही केवळ मंगलाष्टकें म्हटलीं' ही सबब चालत नाहीं. हा बालविवाह नव्हे असें मानण्यास सबळ कारण होतें, हें लग्न लावणारानेंच शाबीत करावयाचें. साहाय्य करणारासही तीच शिक्षा. ऊसतोडीस जातांना वयांत आलेली मुलगी कोणाच्या भरंवशावर ठेवावी, ही आईबापांची चिंता आम्ही जाणतों. पण तिच्यापायीं पोरीची शाळा सुटते. म्हणून भटजींनीं मुहूर्तापूर्वीं, छापखानेवाल्यांनीं पत्रिका जुळविण्यापूर्वीं व कार्यालयाच्या मालकांनीं विसार घेण्यापूर्वीं जन्माचा दाखला मागावा. दाखला न मिळाल्यास १०९८ या क्रमांकावर हळदीपूर्वींच कळवावें.