डोळा गेला, कारण कोठे गेले?

सरकारी अथवा महापालिकेच्या दवाखान्यात डोळे दाखवावयास गेलेला मनुष्य प्रथम ज्याच्यापुढे बसतो, तो डॉक्टर नव्हे. तो नेत्रतंत्रज्ञ होय. सहा मीटरांवरील तक्ता वाचून घेणे, चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्याचा दाब पाहणे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत आत बसवावयाच्या भिंगाचे माप काढणे, आणि हे सर्व नोंदवहीत व केसपेपरवर उतरविणे ही त्याची कामे. प्रस्तुत लेखिका पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील एका सार्वजनिक दवाखान्यात अशा तंत्रज्ञांची प्रमुख म्हणून काम करते. आमच्या नोंदवहीत ‘इजेचे कारण’ असा एक रकाना आहे. तो दोन बोटांहून रुंद नाही. तथापि त्यात काय लिहिले जाते आणि काय लिहिले जात नाही, याचा नवदीक्षित कुटुंबांशी फार जवळचा संबंध आहे, असे माझे मत झाले आहे.

प्रथम घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत घरी बसून राहिलेल्या मावशींना मी विचारते, “इतके दिवस का थांबलात?” उत्तर ठरलेले असते. “मागल्या जन्मी कुणाचे तरी डोळे काढले असतील, बाई. भोगायचे ते भोगायचे.” हे उत्तर देणाऱ्यांत ज्यांच्या घरी अजून देव्हारा आहे अशाच बाया असतात असे कोणी समजू नये. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आहेत, ज्यांच्या गळ्यात बाबासाहेबांचे पदक आहे, अशा मावशीही हेच सांगतात. देव्हारा एका दिवसात हलविता येतो. ही समजूत मात्र मागे राहते.

वस्तुस्थिती काय आहे? २०१५ ते २०१९ या काळात देशात अंधत्वाची जी पाहणी झाली, तीत पन्नाशीच्या पुढील अंधांपैकी शेकडा ६६.२ जणांचे अंधत्व केवळ मोतीबिंदूमुळे आलेले आढळले. म्हणजे तिघांतील दोघे अशा कारणाने आंधळे, की जे एका लहानशा शस्त्रक्रियेने दूर होते, आणि ती शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, त्याला आता पन्नास वर्षे होत आली. एवढे असताना मागल्या जन्माचा हिशेब काढून घरी बसणे म्हणजे या जन्मीचा हक्क सोडून देणे होय.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत तपासून तो बुद्धाचा नव्हे असे स्पष्ट केले आहे. तेथे त्यांनी जे निदान केले आहे ते माझ्या कामाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचे वाटते. गरिबांच्या व दलितांच्या स्थितीची जबाबदारी समाजावर व राज्यावर येऊ नये, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा उपयोग नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. मनुष्य आंधळा का झाला, या प्रश्नाला ‘पूर्वकर्म’ असे उत्तर दिले की पुढचे सारे प्रश्न आपोआप बंद पडतात. दवाखाना किती दूर होता, शस्त्रक्रियेसाठी किती खेपा घालाव्या लागल्या, कोणी लवकर का पाठविले नाही, हे मग कोणी विचारीत नाही.

येथे कोणी चक्खुपाल थेरांची कथा पुढे करील. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती अगदी आरंभी आहे. पूर्वी वैद्य असताना, ठरलेला मोबदला चुकविण्यासाठी खोटे बोलणाऱ्या एका स्त्रीला त्याने डोळे जातील असे औषध दिले, म्हणून पुढे तो अंध झाला, असे ती सांगते. अट्ठकथा पुष्कळ नंतरची आहे, आणि बाबासाहेबांच्या कसोटीवर तिचे जन्मांतराचे स्पष्टीकरण टिकत नाही. मला त्या कथेत निराळेच काही दिसते. त्या स्त्रीचे डोळे पूर्वजन्मामुळे गेले नव्हते. ते वैद्याच्या सूडबुद्धीमुळे गेले. कारण तेथेच, त्याच घरात, त्याच औषधाच्या भांड्यात होते.

आता कारखान्यांकडे वळू. २५ डिसेंबर १९५४ रोजी ज्या देहूरोड येथे बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तेथून भोसरी, तळवडे, महाळुंगे, चाकण हा सारा मुलूख आज यंत्रांनी भरून गेला आहे. मराठवाडा-विदर्भातून आलेली आमची मुले येथे मुख्यतः ठेकेदाराच्या हाताखाली राबतात. ग्राइंडरवर काम करताना उडालेला लोखंडाचा कण बुबुळावर चिकटतो आणि दिवसाभरात त्याच्याभोवती गंजाचे कडे धरू लागते. शेजारचा कामगार तो रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढावयास जातो. बुबुळावर जखम होते, ती चिघळते आणि डोळ्यात कायमचे फूल पडते. वेल्डिंगच्या उजेडाची इजा त्या वेळी कळत नाही. शिफ्ट सुटून काही तास गेले की मध्यरात्री डोळ्यांत वाळू भरल्यागत आग होते. मग बटाट्याच्या चकत्या, गुलाबपाणी, किंवा औषधाच्या दुकानातून आणलेले बधिर करणारे थेंब. हे थेंब वेदना थांबवितात आणि वारंवार घातल्यास बुबुळही खराब करतात. बांधकामावर चुना उडाला तर मात्र दवाखान्याची वाटही पाहू नये. अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि मग निघावे.

परंतु सर्वांत फसवी इजा छिन्नी-हातोड्याची. हातोड्याच्या घावाने उडालेला पोलादाचा बारीक तुकडा गोळीच्या वेगाने डोळ्यात शिरतो. छिद्र इतके सूक्ष्म असते की ते आपोआप मिटते. डोळा थोडा लाल, दृष्टी जवळजवळ पूर्ण, दुखणे बेताचे. लोखंड मात्र आत राहते, तेथे गंजते, आणि आठवड्यामहिन्यांनी आतला पडदा मारून टाकते. म्हणून डोळ्यात काही गेले असे सांगत आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारावयाचा असतो: “त्या वेळी लोखंडावर लोखंड आपटत होते काय?” उत्तर होय असेल तर क्ष-किरण तपासणी किंवा सीटी स्कॅन झाल्याखेरीज त्याला घरी सोडावयाचे नाही, आणि चुंबकाच्या यंत्रात, म्हणजे एमआरआयमध्ये, तर मुळीच घालावयाचे नाही. इजेचे कारण हा केवळ कारकुनी रकाना नाही. त्यावर उपचार अवलंबून आहे.

हे सारे मला ठाऊक असताना माझ्या हातून जे घडले ते आता सांगते. काही वर्षांपूर्वी एका तरुणाला त्याचा सुपरवायझर घेऊन आला. मुलगा बोलण्यापूर्वीच तो म्हणाला, “ताई, मोटारसायकलवरून येताना धूळ गेली.” मुलाने मान खाली घातली. बाहेर रांग दाराबाहेर गेली होती. तक्त्यावर दृष्टी ६/९ आली, म्हणजे जवळपास पूर्ण. मी रकान्यात ‘रस्त्यावरील धूळ’ असे लिहिले आणि साध्या रुग्णांच्या रांगेत त्याचा कागद पुढे सरकविला. थेंब घेऊन तो गेला. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा त्या डोळ्याची बाहुली पसरलेली होती, बुबुळाआड तांबूस झाक आली होती, आणि त्याला हाताची बोटेही मोजता येत नव्हती. आता तो एकटा आला होता. मोटारसायकल त्याच्यापाशी कधी नव्हतीच. त्या दिवशी तो छिन्नीवर घाव घालीत होता, आणि ठेकेदाराने चष्मा दिलेला नव्हता. मोठ्या रुग्णालयात तुकडा निघाला. दृष्टी परतली नाही.

याहून वाईट पुढे घडले. मुलाने नुकसानभरपाई मागितली तेव्हा ठेकेदाराने आमचाच केसपेपर पुढे केला. रस्त्यावरील धूळ. अक्षर माझे.

एका डोळ्याची कायद्यात काय किंमत आहे ते आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावल्यास कमाईची शक्ती शेकडा ४० ने, आणि डोळा शाबूत राहून नुसती दृष्टी गेल्यास शेकडा ३० ने घटली असे धरले गेले. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३५ व्या कलमाने कण उडणाऱ्या व डोळे दिपविणाऱ्या कामावर योग्य चष्मे किंवा आडोसे पुरविणे बंधनकारक केले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, १९४३ साली प्रा. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. हे जुने कायदे नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत. नावे बदलली, परंतु इजा कामामुळे झाली हे दाखविण्याची गरज बदललेली नाही. दुसरीकडे अपंगत्वाचे लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात, आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत एक डोळा पूर्ण जाऊन दुसरा चांगला असल्यास ३० टक्केच धरले आहेत. म्हणजे त्या दाराने या मुलाला काही मिळावयाचे नव्हते. उरला होता केवळ कामावरील अपघाताचा दावा, आणि तो दावा त्या दोन बोटांच्या रकान्यात अडकला.

मावशी म्हणतात पूर्वजन्म, सुपरवायझर म्हणतो रस्त्यावरील धूळ. दोघांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे; परिणाम मात्र एकच होतो.

येथे नोंद करणाऱ्याचा प्रश्न येतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलामुलींत आपल्या समाजाच्या मुली आहेत. हुशार आहेत, हात हलका आहे. ज्या समाजाच्या स्त्रीला तपासताना डॉक्टर स्पर्श करीत नसे, आणि तापमापीसुद्धा दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या हाती देऊन लावली जाई, अशी काठियावाडातील हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत नोंदविली आहे, त्याच समाजाची मुलगी आज जातपात न पुसता प्रत्येकाची पापणी उचलून पाहते, याचा मला अभिमान आहे. परंतु तिला अकरा महिन्यांचा आदेश मिळतो. समोर ठेकेदाराचा माणूस उभा, आणि तिची स्वतःची नोकरीही ठेकेदाराच्याच कागदावर! तिने खरे लिहावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावयाची? १९६० साली महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या. ज्यांच्या कारकिर्दीत त्या दिल्या गेल्या, त्या यशवंतरावांचेच नाव पिंपरीच्या मोठ्या रुग्णालयाला आहे. केंद्राने त्या मान्य करावयास १९९० साल उजाडले. तीस वर्षे झगडून मिळालेली ही जागा कायम पदात असते. पदच बाहेरच्या संस्थेकडे गेले की बिंदुनामावली कोठे लावणार? सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत भरतीचा शासननिर्णय निघाला व ऑक्टोबरमध्ये विरोधामुळे मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला. पद्धत मात्र अनेक दवाखान्यांत त्याआधीपासून होती आणि आजही आहे. दवाखान्यातील पदे कायम व्हावीत ही मागणी केवळ आमच्या पगाराची मागणी नव्हे, हे विहारांच्या सभांतून बोलले गेले पाहिजे.

त्या घटनेनंतर मी एक नियम केला आहे. इजा झालेल्या रुग्णाबरोबर आलेला कंपनीचा मनुष्य कितीही घाईत असो, तो बाहेर बसतो. तपासणी रुग्णाची होते आणि कारण रुग्णालाच विचारले जाते, त्याच्याच शब्दांत लिहिले जाते, आणि लिहिलेले त्याला वाचून दाखविले जाते. याचा कित्येकांना राग येतो. कित्येकदा रुग्णच हात जोडून म्हणतो, “ताई, लिहू नका, कामावरून काढतील.” त्याचे भय खोटे नाही, आणि मी त्याला शौर्याचे उपदेश करीत नाही, मी पगारावर आहे, तो रोजावर आहे. एवढेच सांगते की लोखंड आत राहिले असेल तर उद्या कामही जाईल आणि डोळाही. बहुतेक जण मग बोलतात. जे बोलत नाहीत त्यांच्या कागदावर मी ‘कारण रुग्णाने सांगितले नाही’ असे लिहिते. न घडलेली धूळ आता लिहीत नाही.

कुटुंबांनीही काही केले पाहिजे. मुलगा कामावर लागला की त्याचा विमा क्रमांक निघाला की नाही ते पहिल्या महिन्यातच विचारा. ठेकेदाराच्या कामगारालाही तो लागू आहे. डोळ्याला लागल्यास त्याच दिवशी दवाखान्यात या, घरचे कोणी तरी बरोबर असू द्या, आणि केसपेपरवर काय लिहिले ते वाचल्याखेरीज हलू नका. तो कागद दीक्षेच्या प्रमाणपत्राशेजारी जपून ठेवा.

त्या मुलाची आई गेल्या वर्षी माझ्याकडे आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सोडल्यानंतरच्या तपासणीस मी तिला खुणांचा तक्ता दाखवू लागले तेव्हा ती म्हणाली, “अक्षरांचा दाखवा. विहारात शिकले मी.” सावकाश तिने पाच ओळी वाचल्या. नंतर पिशवीतून मुलाचा जुना केसपेपर काढून ती म्हणाली, “आता हे वाचता येते मला. हे खोटे आहे. हे तुम्ही खोडा.”

लिहिलेले खोडण्याचा अधिकार मला नाही. मी वरिष्ठ डॉक्टरांना सर्व हकीकत सांगितली. जुन्या ओळीखाली त्या दिवसाची तारीख घालून नवी नोंद केली: ‘रुग्ण छिन्नी-हातोड्याने काम करीत असताना इजा, पूर्वीची नोंद सोबत्याच्या सांगण्यावरून.’ त्याखाली डॉक्टरांची सही झाली, माझी झाली. मुलाचा दावा अद्याप चालू आहे.