डिस्चार्ज कार्डावर नसलेला ताप

आमच्या आत्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ताप घेऊन ती दवाखान्यात गेली नव्हती. तो तिला तिथंच मिळाला, बिलात न लावता. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी अंग फणफणलं, सहाव्या दिवशी धाप. शेजारच्या खाटेवरची आजी दोन दिवस आधीपासून खोकत होती. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल आहे." पूर्वी 'देवाची करणी' म्हणायचे, आता व्हायरल म्हणतात.

असा ताप फ्लूचाही असू शकतो, आणि सरकारी नियमावलीत फ्लूच्या रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. चाचणी 'क' गटाची, म्हणजे धाप लागली, छातीत दुखलं की मग. गावातल्या सर्दी-तापाला हे ठीक. माण-खटावच्या प्रत्येक शिंकेची चाचणी कोण करणार? पण वॉर्डात तोच नियम लावायचा म्हणजे आग लागल्यावर छत कोसळेपर्यंत थांबायचं. फ्लूवरचं औषध ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत दिलं तर खरं कामाचं. आजीच्या पहिल्या खोकल्यालाच घशातला स्वॅब घेतला असता तर? पण ती 'क'मध्ये बसत नव्हती ना!

शिवाय भेटायला येणारेही ताप आणतात. मिरजेला आपण आरोग्यपंढरी म्हणतो. मिशनरी डॉक्टर वान्लेस साहेबांनी १८९४ साली तिथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून जत, आटपाडीच काय, अथणी-चिकोडीचेही पेशंट तिथं येतात. पंढरी म्हटल्यावर वारी आलीच. साताऱ्यातही तेच. एका पेशंटमागं जीपभर भावकी. नाही गेलं तर जन्मभर बोलतात. एक शहाळं, एक भडंगाचा पुडा आणि सहा जणांचा खोकला. दोन खाटांमध्ये हातभर जागा, खाली चटईवर नातेवाईक झोपलेले. वॉचमन पास मागतो तो फक्त अनोळखी माणसाला.

आणि हो, मीही नाक पुसतच आत्याच्या उशाशी बसलो होतो. घरी कसा राहणार? आत्याला काय वाटलं असतं!

पण माझं अडाणीपण एकवेळ चालेल, पगारी माणसांचं नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. आरोग्य कर्मचाऱ्यांनी ती घ्यावी असं जागतिक आरोग्य संघटना कधीची सांगतेय. मी सिस्टरना विचारलं. त्या हसल्या. "आम्हाला सवय झालीय हो." त्यांना स्वतःला ताप होता. रजा मागितली तर बदली माणूस नाही, म्हणून गोळी खाऊन ड्यूटी. त्यांच्यावर रागावू तरी कसा? रागवायचं ते ड्यूटीचा तक्ता लावणाऱ्यावर.

१९१८ च्या मानमोडीत, म्हणजे फ्लूच्या साथीत, देशात कोटीहून जास्त माणसं गेली. तेव्हा ना लस होती ना औषध. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला तोच १९३३ साली. तेव्हाच्या लोकांकडं निदान सबब होती.

आत्या वाचली. अठरा दिवसांनी घरी आली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: खुब्याचं फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया यशस्वी. तापाचा एक शब्द नाही.