संथपणा म्हणजे सखोलपणा नव्हे

बंगळुरूच्या कोरमंगला येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेने घडवलेले ‘व्हीईएलसी’ हे उपकरण ‘आदित्य-एल१’ यानातून सूर्याच्या करोनाकडे पाहत असते. दिवसाला १४४० प्रतिमा, म्हणजे मिनिटाला एक, अशी त्याची योजना. चित्रपटाच्या पडद्यावरून मात्र सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तरीही मिनिटाला एक प्रतिमा मिळवणारा सौरशास्त्रज्ञ उत्सुक असतो आणि सेकंदाला २४ चौकटी पाहणारा प्रेक्षक कधीकधी जांभया देतो. कंटाळ्याचे कारण केवळ वेगात नसते, हे यातून ध्यानी येते.

संथ, चिंतनशील विज्ञानपटांविषयीच्या वादात हाच मुद्दा हरवतो. नागपूरच्या आरती कडव यांचा ‘कार्गो’ सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. कल्पना विलक्षण होती. ‘पुष्पक’ नावाच्या अंतराळयानावर मृत माणसे येतात. प्रहस्त नावाचा एकाकी राक्षस-कर्मचारी त्यांच्या स्मृती पुसून त्यांना पुनर्जन्माकडे धाडतो. तुटपुंज्या साधनांतून उभ्या राहिलेल्या या यानाचे कौतुक झाले, तशी ‘फारच संथ’ अशी तक्रारही झाली. या तक्रारीला ठरावीक उत्तर मिळते: ‘तुम्हाला हॉलीवूडची धमाल हवी होती, चित्रपट कळला नाही.’

हे उत्तर अन्यायकारक आहे. स्मृती पुसल्यावर पुढच्या जन्मी जाणारा तो नेमका कोण, हा ‘कार्गो’च्या गाभ्यातला प्रश्न आहे. प्रेक्षक त्याच्या शोधासाठी थांबतो, परंतु चित्रपट प्रश्नाला स्पर्श करून वारंवार प्रहस्ताच्या एकाकीपणाकडे वळतो. तो एकाकीपणा हृद्य आहे, पण प्रश्न होता तेथेच राहतो. येथे निराश होणारा प्रेक्षक उथळ नसतो. उलट, त्याने चित्रपटाच्या कल्पनेला गांभीर्याने घेतलेले असते.

अशा निराश प्रेक्षकांत खुद्द लेखकही असू शकतो. तार्कोव्हस्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) आज अभिजात मानला जातो, परंतु मूळ कादंबरीचे लेखक स्तानिस्लाव लेम त्यावर नाराज होते. त्यांच्या कादंबरीचा विषय होता मानवी बुद्धीला न उलगडणारा परका महासागर. चित्रपटाने मात्र माणसाच्या अपराधभावनेला मध्यभागी आणले. लेम यांना चिंतनाचे वावडे होते, असे कोणी म्हणणार नाही. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या एप्रिल १९६८ मधील पहिल्या खेळांनंतर स्टॅन्ली कुब्रिक यांनी स्वतःच सुमारे १९ मिनिटांचा भाग कापला. संथपणाचा आद्य पुरस्कर्ताही प्रत्येक मिनिटाचा हिशेब मागत होता.

विज्ञानाची चिकाटी अशीच हिशेबी असते. ‘आदित्य’ची कल्पना २००८ मध्ये पुढे आली, ती पृथ्वीजवळच्या कक्षेतील छोट्या उपग्रहाच्या रूपात. पुढे उद्दिष्टे वाढली, उपकरणे सात झाली, आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले यान ६ जानेवारी २०२४ रोजी सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. इतकी वर्षे वाट पाहणे सार्थ ठरते, कारण प्रश्न नेमका आहे: सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असताना त्यावरील करोना दहा लाख अंशांपलीकडे कसा तापतो? प्रत्येक नवी प्रतिमा त्या प्रश्नाच्या संदर्भात काही सांगते, किंवा काही नाकारते.

संथ दृश्यालाही हीच कसोटी लावावी. दृश्य संपल्यावर, ते सुरू होण्यापूर्वी ठाऊक नसलेले काही गवसले का? एखादी शंका गडद झाली, एखादे गृहीतक डळमळले, तर पाच मिनिटांचे मौनही सार्थकी लागते. अन्यथा ते केवळ मौन असते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. ‘कंटाळा आला’ असे म्हणण्याची लाज वाटू लागली, की न समजलेल्या व्याख्यानापुढे आणि पोकळ शोधनिबंधापुढेही मान डोलावण्याची सवय जडते. मात्र ‘कंटाळा आला’ एवढ्यावर थांबणे हेही अर्धेच निरीक्षण आहे. कोठे आला आणि कोणत्या अपेक्षेपाशी, हे सांगितले तर ती समीक्षा होते. भारतीय भाषांत विज्ञानपट मुळातच मोजके आहेत. ते काढण्याचे धाडस करणाऱ्यांना आंधळ्या टाळ्यांपेक्षा आणि घाईच्या एका ताऱ्यापेक्षा अशी नेमकी निराशा अधिक उपयोगाची आहे.