टाचणवहीबाहेरचे मूल

विशेष शिक्षणाच्या बी.एड. अभ्यासक्रमाचे पुनर्विलोकन करण्यासाठी एका विद्यापीठाने नेमलेल्या समितीचा अहवाल या आठवड्यात माझ्या हाती आला, आणि समिती केवळ दप्तर तपासून थांबेल, ही गेल्या पावसाळ्यात याच जागी मी बोलून दाखविलेली भीती अक्षरशः खरी ठरल्याचे पाहून मनस्वी संताप आला. अध्यापकांची अर्हता, ग्रंथालयातील पुस्तकांची संख्या, पुनर्वास परिषदेच्या मान्यतेची मुदत, हजेरीपट, सराव पाठांच्या टाचणवह्या असे सारे दप्तर समितीने बारकाईने तपासले; परंतु येथून सनद घेऊन बाहेर पडलेला शिक्षक ज्या मुलासमोर उभा राहतो, त्या मुलाच्या बाकापर्यंत समितीचे एकही पाऊल गेलेले नाही.

माझी भाची परिचर्या विद्यालयात शिकत होती तेव्हाचे दिवस मला या निमित्ताने आठवतात. तिच्या व्यवसायावर तेव्हा 1947 च्या कायद्याने स्थापलेली परिषद देखरेख करीत होती, विशेष शिक्षकांच्या व्यवसायावर 1992 च्या कायद्याची करते. नोंदणीवाचून काम करण्याची मुभा दोन्हीकडे नाही. साम्य येथेच संपते. भाचीला वॉर्डातला एखादा रुग्ण नेमून दिला की तो बरा होऊन घरी जाईपर्यंत तिचा असे. सकाळी तिने अंग पुसून दिलेल्या त्या माणसाचा ताप दुपारी किती होता, रात्री लघवी किती झाली, पाठीला जखम होऊ नये म्हणून त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळविले की नाही, हे दुसऱ्या दिवशी सिस्टर तिला खाटेजवळ उभी करून विचारीत, आणि उत्तर चुकले तर शेरा तिच्या अक्षराच्या वळणावर नव्हे, रुग्णाच्या अवस्थेवर पडे. आमच्या छात्राध्यापकाचा सराव पाठ मात्र एका तासिकेचा असतो. निरीक्षक मागच्या बाकावर बसून प्रस्तावना, फलकलेखन आणि शैक्षणिक साधनांचा वापर यांना गुण देतात. दुसऱ्या दिवशी इयत्ता वेगळी, घटक वेगळा, मुलेही वेगळी. कालच्या मुलाला काल काय आले, हे विचारणारी सिस्टर येथे कोणी नाही. आंतरवासितेचे आठवडे वेळापत्रकात आहेत, पण तेथेही मोजले जातात ते पाठच.

गेल्या महिन्यात एका जिल्हा परिषदेच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, मेंदूच्या पक्षाघाताने हात आखडलेल्या एका मुलाशेजारी मी बसलो होतो. छात्राध्यापिकेने फुलाच्या भागांचा फार सुंदर तक्ता आणला होता आणि ती जीव तोडून शिकवीत होती. मुलाच्या मुठीतली पेन्सिल मात्र पुन्हा पुन्हा निसटत होती. अखेर वर्गाच्या बाईंनी, ज्यांनी विशेष शिक्षणाचा एकही तास ऐकलेला नाही, कपाटातून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा काढून पेन्सिलीवर चढविला, कागदाची चारही टोके चिकटपट्टीने बाकाला पक्की केली, आणि त्या मुलाने, वाकडा का होईना, एक ‘ग’ काढला. त्या छात्राध्यापिकेला मी यत्किंचितही दोष देत नाही, कारण एवढी साधी गोष्ट तिला दोन वर्षांत कोणी करून दाखविली नव्हती.

आणि काम तर वाढतच आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत. सप्टेंबर 2022 च्या अधिसूचनेने पहिली ते पाचवीत दहा विशेष मुलांमागे आणि सहावी ते आठवीत पंधरांमागे एक विशेष शिक्षक ठरवून दिला. श्रवणदोष हा एकच विषय घेऊन पदवी मिळविलेल्या उमेदवाराची नेमणूक एखाद्या केंद्रावर होते, आणि तेथे एका शाळेत त्याला अंधुक दृष्टीचे मूल भेटते, दुसरीत स्वमग्न मूल, तिसरीत बौद्धिक अक्षमतेचे. या विसंगतीवर अहवालात एकही परिच्छेद नाही.

मराठीचा माझा जुना आग्रह वाचकांना ठाऊक आहे, आणि तो येथेही मला सोडवत नाही. वाचनाच्या अक्षमतेवरची व्याख्याने बहुधा इंग्रजी ग्रंथांवरून दिली जातात. ‘बी’ आणि ‘डी’ या रोमन अक्षरांची उलटापालट छात्राध्यापकांना मुखोद्गत असते. आमचे मूल अडखळते ते ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये, ‘भ’ आणि ‘म’ मध्ये, रफारापाशी आणि जोडाक्षरापाशी. अध्यापक महाविद्यालयांतील अपयशाचे निम्मे मूळ या भाषांतरित ज्ञानात आहे अशी माझी समजूत आहे, आणि ती आकड्यांनी सिद्ध करता येत नसली तरी ती सोडण्याचे कारण मला अद्याप दिसलेले नाही.

समितीने कुलगुरूंकडे दोन महिन्यांची मुदतवाढ मागावी. त्या मुदतीत गेल्या पाच वर्षांतील पदवीधरांच्या शाळांत जाऊन बसावे. प्रत्येक छात्राध्यापकाला जूनपासून मार्चपर्यंत एकच मूल नेमून द्यावे, आणि त्या मुलाला मार्चमध्ये काय येऊ लागले यावर निम्मे गुण ठेवावेत, अशी शिफारस करावी. प्रारंभ कोठून करावा हे ठरत नसेल तर त्या शाळेचा पत्ता मी कळवीन: तिसरीचा वर्ग, खिडकीजवळचे दुसरे बाक.