सेन्सर एक, गाळण्या अनेक

कोलकात्यास एका बैठकीसाठी गेलो असता एस्प्लनेड स्थानकावर उतरण्याचा योग आला. भारतातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी याच स्थानकापासून भवानीपूरपर्यंत धावली. २०२४ पासून हुगळी नदीच्या पात्राखालून येणारी गाडीही येथवर पोहोचते. फलाटावर नेमकी थांबणारी ती गाडी पाहताना मनात विचार आला तो आपल्या ट्रॅक्टरचा. धावत्या वाहनात चाकाचा वेग अनेकांना हवा असतो. चाक घसरले की ब्रेकच्या यंत्रणेला ते क्षणार्धात कळावे लागते. चालकासमोरचा आकडा मात्र स्थिर असावा लागतो. माहिती एकच, गरजा निरनिराळ्या. आपल्या फवारणी यंत्रांपुढेही आज हाच प्रश्न उभा आहे आणि तो केवळ अभियंत्यांचा मानणे पीक संरक्षणाला परवडणारे नाही, असे माझे मत आहे.

या मतामागे स्वतःची एक चूक आहे. विदर्भातील एका सोयाबीनच्या शेतात ट्रॅक्टरचलित बूम फवारणीनंतरही दोन्ही धुऱ्यांलगतच्या पट्ट्यांत उंटअळ्या जिवंत आढळल्या. अळ्यांमध्ये कीटकनाशकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आली असावी, असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. मात्र शेताच्या मध्यभागी त्याच औषधाचा परिणाम उत्तम होता. शोध घेतला तेव्हा दोष अळीत नव्हे, तर तारेत सापडला. मालकाने क्षेत्र मोजणारे नवे मीटर बसवताना चाकावरील सेन्सरच्या तारेलाच दुसरी तार पिळून जोडली होती. चुंबकीय प्रकारच्या सेन्सरचा संकेत वेग कमी झाला की मुळातच क्षीण होतो. त्यावर दोन उपकरणांचा भार पडल्याने धुऱ्याजवळ ट्रॅक्टर मंदावताच काही स्पंद मोजलेच जात नव्हते.

याचा हिशोब सोपा आहे. सोयाबीनला हेक्टरी ५०० लिटर, म्हणजे एकरी २०० लिटर द्रावण द्यायचे आहे. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटर वेगाने चालत असताना कंट्रोलरला तो २.४ भासला, तर तो त्या प्रमाणात प्रवाह कमी करतो आणि पिकावर हेक्टरी ४०० लिटरच पडते. औषधाची मात्रा पंचमांशाने घटते. याउलट ओल्या काळ्या जमिनीत चाक घसरले की वेग जास्त भासतो आणि औषध वाया जाते. कमी मात्रेतून वाचलेल्या किडी पुढील पिढीला जन्म देतात. म्हणजे सैल जोडलेली एक तार प्रतिकारशक्तीच्या वाढीला हातभार लावू शकते.

मग प्रत्येक उपकरणासाठी वेगळा सेन्सर बसवावा का? मला तसे वाटत नाही. सेन्सर वाढले की तारा आणि बिघाड वाढतात, शिवाय दोन सेन्सर दोन निराळे वेग सांगू लागतात. सेन्सर एकच असावा. वाटणी मात्र शिस्तीची असावी. ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्याला हे सहज उमजेल. एका विहिरीच्या पाण्यावर ठिबक, तुषार आणि पाटपाणी चालते. ठिबकला बारीक जाळीची गाळणी लागते, तुषारला तितकी बारीक लागत नाही, पाटाला लागतच नाही. ठिबकची बारीक जाळी कोणी विहिरीवरच्या मुख्य नळात बसवत नाही. ती ठिबकच्या फाट्यावरच बसते. संकेताचेही तसेच आहे. आधी संकेत वाटून देणाऱ्या मंडलातून प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्र फाटा द्यावा आणि त्यानंतर त्याने आपल्या गरजेपुरते गाळून घ्यावे. एकाची गाळणी सामाईक तारेवर बसली की इतरांचे स्पंदही बोथट होतात.

गाळणी किती संथ असावी, हेही महत्त्वाचे आहे. मीटरवरील आकडा थरथरू नये म्हणून मागील तीन सेकंदांची सरासरी दाखवणे योग्यच. तीच सरासरी फवारणीच्या कंट्रोलरने वापरली, तर ताशी ४ किलोमीटर वेगाने निघालेल्या ट्रॅक्टरला खरा वेग उमगेपर्यंत तीन मीटरांहून अधिक अंतर मागे पडलेले असते. आणि अनेक किडींचा शिरकाव तर धुऱ्याकडूनच होतो.

आम्हा कीटकशास्त्रज्ञांना ही शिस्त कामगंध सापळ्यांनी शिकवली आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रतिसापळा आठ पतंग ही धोक्याची पातळी मानली जाते. नोंदवहीत केवळ आठवड्याची सरासरी लिहिली, तर त्या तीन रात्री हरवतात. मूळ नोंद जपली, तर शेतकऱ्याला इशारा मिळतो आणि संशोधकाला हंगामाची सरासरीही काढता येते.

ट्रॅक्टर आणि अवजारांमधील संकेतांसाठी आंतरराष्ट्रीय मानके उपलब्ध आहेत. आयएसओ ११७८६ मध्ये प्रतिमीटर १३० स्पंद असा वेगाचा सामाईक संकेत ठरवून दिलेला आहे. अवजारे बँकेसाठी किंवा अनुदानातून यंत्र घेताना पंपाच्या क्षमतेबरोबर हेही विचारले जावे: वेगाचा संकेत इतर उपकरणांना खुला आहे का, आणि त्याचे फाटे स्वतंत्र आहेत का?

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात एक चाचणी अवश्य घ्यावी. शेतातच ५० मीटर अंतर आखावे. ते ४५ सेकंदांत कापले तर वेग ताशी ४ किलोमीटर, ६० सेकंदांत कापले तर ३ किलोमीटर. दोन्ही वेळी यंत्रावरील आकडा ताडून पाहावा. नवे उपकरण जोडल्यावर ही चाचणी पुन्हा करावी. मंद वेगाला आकडा चुकत असेल, तर औषध बदलण्यापूर्वी तार तपासावी. त्या दिवशी मी तेवढे आधी केले असते, तर अळीवर नाहक आळ आला नसता.