सभासद आहेस का?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावच्या वाचनालयाच्या मागल्या पडवीत बुद्धिबळाचे डाव रंगत. मी पाचवीत होतो. पडवीला लाकडी गज होते आणि त्या गजांतून आतला पट दिसे. एक दिवस धीर करून मी पुढच्या दाराने आत शिरलो. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "सभासद आहेस का?" मी नव्हतो. त्यासाठी अनामत भरायची होती, महिन्याची वर्गणी होती आणि अर्जावर वडिलांची सही लागत होती. आमच्याकडे महिनाअखेरीचा किराणा उधारीवर येई. अनामतीचे पैसे मागायची माझी छाती झाली नाही. मी पुन्हा गजांपाशी जाऊन उभा राहिलो. घोड्याची अडीच घरांची चाल मी बाहेर उभा राहून शिकलो.

त्या गृहस्थांवर माझा राग तेव्हाही नव्हता. वाचनालय वर्गणीवरच चालत होते, आणि वर्गणीदारांच्या पैशांचा हिशेब त्यांनाच द्यावा लागत होता. पण तो प्रश्न मनातून गेला नाही. यंदाच्या अंकाची जुळवाजुळव चालू असताना तो पुन्हा समोर आला, त्याचे कारण पुढे सांगतो.

त्याआधी एक ऋण मान्य केले पाहिजे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. ती टिकली त्यात लेखक, चित्रकार, जाहिरातदार या सगळ्यांचा वाटा आहे. वाचनालयांचा वाटा मात्र आपण क्वचित बोलून दाखवतो. दिवाळी अंक घरी विकत घेणारी माणसे नेहमीच थोडी होती. बाकीच्यांपर्यंत अंक पोहोचले ते वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेतून. एकदा ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने एक अंक परत करून दुसरा न्यायचा. फेब्रुवारीपर्यंत अंकाचे कोपरे दुमडलेले असतात, मुखपृष्ठाला चिकटपट्टी लागलेली असते. आमच्या एखाद्या अंकाची अशी प्रत दिसली की संपादक म्हणून मला फार बरे वाटते.

आता ते कारण. कृष्णाकाठच्या एका छोट्या गावातल्या वाचनालयात गेल्या दिवाळीआधीच्या रविवारी आकाशकंदील करायला शिकवणार होते. सगळ्यांना खुले, पैसे नाहीत, असे फळ्यावर खडूने लिहिलेले होते. मी सहज गेलो आणि दुपारपर्यंत तिथेच थांबलो. शिकवणारे गृहस्थ एस. टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी बांबूच्या कामट्या रात्रभर भिजत घातल्या होत्या, कारण कोरडी कामटी वाकवायला गेले की तुटते. मैद्याची खळ घरून डब्यात आणली होती. सांधा दोऱ्याने कसा बांधायचा हे ते प्रत्येक मुलाच्या हाताला हात लावून दाखवत होते. पताकांचा कागद, जिलेटिनचे तुकडे, खाली सोडायच्या झिरमिळ्या. सतरंजीवर तीस-पस्तीस माणसे बसली असतील. सहा वर्षांची मुलगी होती आणि नातवाला घेऊन आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आजीही होत्या. शेजारच्या बांधकामावरची दोन मुले आली होती. ती आपसांत कानडी बोलत. त्यांना दारात कुणी काही विचारले नाही.

खळ वाळेपर्यंत कंदील हलवता येत नाही, तेवढा वेळ सगळ्यांच्या हाताला काम नव्हते. तेव्हा ग्रंथपाल बाईंनी मुलांची पुस्तके सतरंजीवर पसरून ठेवली. कुणाला घ्या म्हटले नाही. त्या बांधकामावरच्या मुलांतल्या थोरल्याने प्राण्यांच्या चित्रांचे पुस्तक ओढून घेतले आणि धाकट्याला एकेका प्राण्याचे नाव कानडीत सांगू लागला. आजींना वाचता येत नव्हते. त्यांनी नातवाला आणि मग भोवती जमलेल्या पोरांना चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली, त्यांच्या माहेरच्या गावी सांगत तशी. तिच्यात कावळा शेवटी शहाणा होतो. बाईंनी ती वहीत उतरवून घेतली. मुलाला सोडून बाजारात जायचे म्हणून आलेली एक आई पिशवी खांद्याला तशीच ठेवून कपाटापाशी उभी राहून वाचत होती. ती बाजारात गेलीच नाही.

वाचनालयात असे उद्योग कशाला, ती शांत बसून वाचायची जागा आहे, असे म्हणणारे वाचक मला भेटतात. त्यांचे म्हणणे मला उडवून लावायचे नाही. आज कित्येक वाचनालयांच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत बसतात. घरी एकच खोली असलेल्या मुलाला तेवढीच शांतता मिळते आणि ती राखली पाहिजे. पण एका आठवड्यातले दोन तास, मागची पडवी किंवा वरचा हॉल एवढे मागितले तर अभ्यासिका मोडत नाही. आणि पुस्तकापर्यंत प्रत्येक जण वाचनाच्या वाटेनेच येतो असेही नाही. कुणी कंदिलाच्या निमित्ताने येतो, कुणी बुद्धिबळाच्या.

हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे, मराठी माणसाच्या राज्यात. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग पुढचा प्रश्न आला. चार इयत्ता शिकून शेतावर गेलेल्या मुलाच्या हाती पुन्हा काही छापील पडले नाही, तर काही वर्षांत तो अक्षरे विसरतो आणि शाळेवरचा खर्च वाया जातो. त्यांना ग्रंथालये हवी होती ती यासाठी. १९१० साली त्यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. राजवाड्यातला स्वतःचा सुमारे २० हजार पुस्तकांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. देशातला तो पहिला मानला जातो. बॉर्डन १९१३ साली परतले आणि पुढे जनार्दन सखाराम कुडाळकरांसारख्या माणसांनी काम नेटाने वाढवले.

या चळवळीतला मला सर्वांत भावणारा भाग पुस्तकांच्या आकड्यांत नाही. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचे वेगळे दालन होते, तिथे पुस्तकांसोबत खेळ आणि चित्रे होती. स्त्रियांसाठी वेगळी सोय होती. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या खेड्यांत पाठवत, नेण्याआणण्याचा खर्च सरकार करी आणि वाचणाऱ्याला काही द्यावे लागत नसे. शिवाय ग्रंथालय खात्याची एक शाखा मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोपची चित्रे आणि चित्रपटाचे यंत्र घेऊन गावोगाव जाई आणि फुकट खेळ दाखवी. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्याच्यासाठीही ग्रंथालयाकडे काही असले पाहिजे, हे त्या माणसांना कळले होते. 'लायब्ररी मिसेलनी' हे त्यांचे नियतकालिक १९१२पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. मराठी दिवाळी अंक आणि बडोद्याची ही चळवळ जवळजवळ एकाच वयाची आहेत.

बडोद्याबद्दल एवढे लिहून थांबलो तर ते अपुरे राहील. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१७ साली त्या संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले. राहायला कुठे जागा मिळेना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून उतरले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि तू कोण म्हणून विचारू लागली. त्याच दिवशी त्यांना खोली सोडावी लागली. शहरात ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या शहरातून पुस्तकांच्या पेट्या फुकट गावोगाव जात होत्या, त्याच शहरातली ही गोष्ट आहे. दारातला प्रश्न पैशांचा असतो तसा जातीचाही असतो, कपड्यांचा आणि बोलीचाही असतो. वर्गणी माफ केली तरी हे दुसरे प्रश्न नजरेतून विचारले जातात. पाटी 'सर्वांना मुक्त प्रवेश' अशी असते आणि पारधी वस्तीवरचे पोर दारात आले की सगळ्यांच्या माना वर होतात. म्हणून त्या कृष्णाकाठच्या वाचनालयातली दोन कानडी मुले मला एवढी लक्षात राहिली.

महाराष्ट्रात वाचनालयांची उणीव नाही. रत्नागिरीचे १८२८चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८चे. मुंबईत धोबी तलावाला १८४५ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या तर नावातच 'पीपल्स फ्री रीडिंग रूम' असे आहे. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला. मद्रासने १९४८ साली कायदा करताना ग्रंथालयांसाठी मालमत्ताकरावर उपकर बसवला. आपल्या १९६७च्या अधिनियमात असा उपकर नाही. आपली बहुतेक सार्वजनिक वाचनालये स्थानिक संस्था चालवतात, अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे त्यांना सरकारी अनुदान मिळते आणि उरलेला भार वर्गणीवर पडतो. 'सभासद आहेस का' हा प्रश्न त्यामुळे केवळ टेबलामागच्या माणसाचा नाही. तो पैशांच्या या मांडणीतून येतो, आणि ती बदलायची तर नगरपालिकांनी आणि सरकारने हात सैल सोडला पाहिजे.

इथे वाचनालयातल्या सेवकांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुलूप उघडणे, झाडणे, वर्तमानपत्रे लावणे, नोंदवही भरणे, अनुदानाचे कागद तयार करणे हे सगळे बऱ्याच ठिकाणी एकच माणूस करतो, आणि त्याच्या हाती महिन्याला पडते ते सांगायलाही संकोच वाटावा इतके थोडे असते. वेतनश्रेणीची मागणी करत त्यांची एक पिढी निवृत्त झाली. अशा माणसाला 'आता रविवारी मुलांना गोष्टीही सांगा' असे म्हणणे अन्यायाचे होईल. येणाऱ्याला फुकट असावे, करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, या दोन्ही मागण्या मी एकाच वेळी करतो आहे. कंदिलाच्या त्या सकाळी कामट्या, कागद, दोरा यांना झालेला खर्च गावातल्या एका लहानशा सत्कार समारंभाच्या हारतुऱ्यांहून कमी होता. बाईंचा रविवार मात्र त्या खर्चात कुणी धरला नव्हता.

दुसरे, उपक्रम नेमाचे हवेत. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होतो. शाळेतली मुले रांगेने येतात, भाषण होते, फोटो निघतो, तो अहवालाला जोडला जातो आणि मुले रांगेने परत जातात. हे दिवस साजरे होऊ नयेत असे मी म्हणत नाही. पण दर रविवारी दहा वाजता इथे गोष्ट असते, हे मुलाला पाठ झाले पाहिजे. पाऊस असो, पाचच मुले असोत, दहा वाजता गोष्ट सुरू होते. एखाद्या रविवारी चुकलेले मूल पुढच्या रविवारी येते, कारण त्याला ठाऊक असते. बुधवारी दुपारी ज्येष्ठांचे अभिवाचन असेल, तर ज्यांना आता डोळ्यांनी वाचवत नाही त्यांचा बुधवार त्यासाठी राखलेला असतो. फाटलेली पुस्तके शिवायला शिकवावे, मोबाइलवर बँकेचा संदेश खरा की खोटा ते कसे ओळखायचे हे आजी-आजोबांना नातवंडांच्या वयाच्या मुलांनी दाखवावे, किल्ला बांधण्याआधी मुलांनी त्या किल्ल्याचा नकाशा वाचनालयात येऊन पाहावा. यातल्या कशालाही मोठी इमारत लागत नाही. ठरलेली वेळ लागते आणि त्या वेळी उघडे दार लागते.

या अंकात कथा, कविता, दीर्घ लेख नेहमीसारखेच आहेत, त्यांची ओळख मी वेगळी करून देत नाही. वाचकांना एकच विनंती. अंक वाचून झाला की रद्दीत घालू नका, जवळच्या वाचनालयात द्या, आणि द्यायला स्वतः जा. तिथे मुलांसाठी काय चालते ते विचारा. काहीच चालत नसेल, तर तुम्हाला जे येते त्यासाठी दोन तास मागून घ्या.

मीही मागितले. आमच्या गावच्या त्या वाचनालयाने होकार दिला आहे. पडवीचे गज आता नाहीत, तिथे जाळी आहे आणि जाळीला दार आहे. भाऊबीजेनंतरच्या रविवारपासून सकाळी दहा ते बारा तिथे बुद्धिबळ शिकवू. वयाची अट नाही, अर्ज नाही, वर्गणी नाही. माझ्याकडे चार पट आहेत. पाचवा कुणाकडे पडून असेल तर घेऊन यावे. एक काळा घोडा हरवलेला असला तरी चालेल, त्याच्या जागी सुपारी ठेवू.

सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.