आधी कोऱ्या कागदाचे वाचन

एक्सआरएफचे (क्ष-किरण प्रतिदीप्तीचे) हातात धरता येणारे यंत्र पोथीसंग्रहांपर्यंत पोचले, हे चांगलेच झाले. पण त्याच्याबरोबर एक खोडही आली. समासातल्या लाल रेघेवर यंत्र रोखायचे, पडद्यावर लोह दिसले की 'गेरू' लिहून मोकळे व्हायचे. रत्नागिरीच्या पोथीवर हा हिशेब चालत नाही. इथली जमीन जांभ्याची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडने भरलेली. तिची तांबडी धूळ माळ्यावर, फडताळात, बासनात, पानांच्या कडांवर बसलेली असते. मग दिसलेले लोह गेरूचे, शाईतल्या हिराकसाचे, की ओटीवरच्या धुळीचे? त्याच पानाच्या कोऱ्या जागेचे वाचन शेजारी नसेल, तर हे सांगता येणार नाही.

दुसरा घोटाळा भक्तीचा. दसऱ्याला सरस्वतीपूजनात पोथीवर हळदकुंकू वाहतात, आणि देव्हाऱ्यातला शेंदूरही फार लांब नसतो. जुना शेंदूर शिशाचा. त्यामुळे पानावर शिसे सापडले, तर ते चिताऱ्याच्या कुंचल्यातून आले की यजमानाच्या बोटातून, हे आधी ठरवावे लागते. अशा वेळी मधली पाने तपासावीत. पूजा होते ती वरच्या पानाची. लाल बासनाचेही तेच. पावसाळ्याच्या ओलीत कापडाचा रंग सुटतो आणि कडांवर उतरतो. हा डाग पुढे कोणी लाखेचा रंग म्हणून नोंदवला, तर दोष यंत्राचा नाही.

एक्सआरएफ मूलद्रव्ये ओळखते, आणि तेवढेच. पारा दिसला तर हिंगूळ म्हणायला आधार मिळतो, आर्सेनिक दिसले तर हरताळ किंवा मनशीळ. पण नीळ, लाख, मंजिष्ठ, हळद ही कार्बन-हायड्रोजनची कुळे. ती या यंत्राला जवळपास अदृश्यच. तिथे परावर्तित प्रकाशाचा वर्णपट घ्यावा लागतो. रामन वर्णपट खनिज रंगांना उत्तम, पण अनेक वनस्पतिज रंगांत प्रतिदीप्ती एवढी उसळते की खरी खूण तिच्यात बुडून जाते.

1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या पिंगुळीच्या चित्रकथी (कथा सांगताना दाखवायची चित्रे) घ्या. जुन्या पानावरचा गडद निळा दिसला की आपण सवयीने नीळ म्हणतो. पण अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन ब्लू डोळ्याला तसाच दिसू शकतो, आणि त्यातही लोहच असते! म्हणजे जांभ्याची धूळ इथेही आडवी येते. अवरक्त छायाचित्रात मात्र नीळ फिकी पडते आणि प्रशियन ब्लू काळाच राहतो. याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. अवरक्त छायाचित्रणासाठी बदलून घेतलेला जुना डिजिटल कॅमेरा पहिल्या चाळणीला पुरतो. निळा प्रशियन ब्लू आणि मूळ चित्रातलाच ठरला, तर पान अठराव्या शतकाच्या मागे नेता येत नाही. एवढी मोठी गोष्ट एका छायाचित्रात कळत असेल, तर ते न काढणे हा निव्वळ आळस आहे.

हरताळाबद्दल दोन शब्द अधिक. लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून वर नवे अक्षर लिहीत, त्यामुळे चित्र नसलेल्या साध्या पोथीतही तो भेटतो. यूव्ही टॉर्चच्या उजेडात हळद पिवळी-हिरवी चमकते, हरताळ तसा चमकत नाही. अंदाज बांधायला ही खूण चांगली, पुरावा म्हणून नाही. आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचे सल्फाइड. बोट जिभेला लावून पान उलटणारे महाभाग आमच्या व्यवसायात अजून आहेत. त्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे.

2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञान भारतम मोहिमेत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदणीचे आणि जतनाचे उद्दिष्ट आहे. त्या निमित्ताने कोकणातली घरोघरची बासने सुटतील, आणि पुन्हा लवकर सुटणार नाहीत. स्कॅनमधून मजकूर वाचेल, रंगद्रव्य वाचणार नाही. म्हणून पान कॅमेऱ्याखाली असतानाच यूव्ही आणि अवरक्त अशी एकेक जादा प्रतिमा घ्या. पोथी कुठे ठेवलेली होती, पूजेत होती का, बासन कसले, हे घरच्यांना विचारून लिहून ठेवा. रंग खरवडून नमुना घेण्याची वेळ बहुतेकदा येणारच नाही.

पुढील अंकापासून या मासिकात एक नियम राहील. 'हिंगूळ', 'नीळ', 'गेरू' असे ठाम नाव लिहिणाऱ्या लेखासोबत तपासणीची पद्धत आणि कोऱ्या कागदाचे वाचन हवे. ते नसेल तर 'लाल', 'निळा', 'तांबूस' एवढेच लिहावे. तसा लेख आम्ही आनंदाने छापू.